होळीतली तिफण

झुंबरबाई शिव्या द्यायला लागली की पांगरखेडातले लोक हातातलं काम ठेवून ओट्यावर येऊन बसत. बाई एकटी. नवरा कधीचा गेलेला, पोर ना बाळ, दोन एकर काळं वावर आणि तोंड असं की बैलानंही ऐकून मान खाली घालावी. ती शिवी देताना थेट माणसावर कधी येत नसे. सुरुवात त्याच्या आज्यापासून करी आणि मग एकेक पिढी खाली उतरत त्याच्यापर्यंत पोचे. गावाला याची गोडी लागली होती. तमाशा पाहायचा तर वरवट बकालच्या जत्रेला जावं लागे, ही तर घरबसल्या करमणूक होती. आणि म्हणूनच दर होळीला गावचे पोट्टे तिचीच एखादी वस्तू चोरून होळीत टाकत.

होळीचा कायदा सगळ्या मुलखाला ठाऊक आहे. होळीच्या ढिगावर जे पडलं ते होळीचं. मग ती बाज असो, दाराची फळी असो, नाही तर गाडीचं जू असो. मालकानं शिव्या द्याव्या, बोंब मारावी, पण हात घालून परत काढायचं नाही. काढलं तर होळी कोपते, उभ्या गव्हावर गारा पडतात, असं म्हातारे सांगत. आमचा हा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही आणि झाड म्हणाल तर बाभळीशिवाय दुसरं नाही. लाकूड चोरल्याशिवाय होळी पेटणार कशी, असं सगळेच म्हणत. ज्याचं एका वर्षी गेलं, तो पुढच्या वर्षी दुसऱ्याचं नेई आणि फिट्टंफाट होई. झुंबरबाई तेवढी कोणाचं काही नेत नव्हती. एका साली तिची बाज गेली, एका साली न्हाणीची फळी गेली. आणि त्या साली तिची तिफण गेली, तीन फणांची, पेरणीची.

ती नेली पुंजाजी माळ्याच्या इंद्रभाननं.

आता हे पोरगं काही चोर नव्हतं. उलट चोर नव्हतं, हेच त्याचं दुखणं होऊन बसलं होतं. ते कसं, ते ऐका.

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्याच साली शाळेवर भगवंतराव गुरुजी म्हणून एक मास्तर आले, अमरावतीकडचे. अंगानं काटकुळे, पण आवाज असा की नाल्यापलीकडच्या गुराख्यानं वळून पाहावं. त्यांनी शाळेमागची काट्याकुट्याची पडीक जागा पोरांकडून साफ करून घेतली, चुन्याच्या रेघा मारल्या आणि कबड्डी सुरू केली. गुरुजींचा एकच हट्ट होता. हात लागला की पंचाच्या तोंडाकडं पाहायचं नाही, आपला हात आपण वर करायचा आणि बाहेर जाऊन बसायचं. जो हुज्जत घालील त्यानं नाल्यापर्यंत पळत जाऊन यायचं. दयारामनं हुज्जत घातली आणि पळायलाही तो तयार होईना. दयाराम म्हणजे माणिकराव पाटलांचा पोरगा. पाटलाचं पोरगं मास्तरच्या सांगण्यावरून पळतं काय कुठं? गुरुजींनी त्याला सरळ मैदानाबाहेर काढलं. तेव्हापासून तो मारोतीच्या पारामागं बिड्या ओढत बसू लागला आणि चार-दोन रिकामटेकडे पोट्टे त्याच्याभोवती जमले.

इंद्रभान मात्र त्या मैदानात माणूस झाला. त्याआधी ते पोरगं बापापुढं नजर वर करत नसे. पुंजाजी मोट हाणी आणि हा वांग्यामिरचीच्या वाफ्यात पाणी वळवी, सांगितलं तेवढं करी, बोलायला गेलं की अडखळे. चार पोट्टे जिकडं जातील तिकडं त्यांच्या मागं जायचं, ते हसले की हसायचं, एवढीच त्याची अक्कल. पण मैदानात एकदा कोणाचा पाय धरला की तो सोडत नसे. नाक फुटो, ढोपर सोलो, पाय काही सुटत नसे. गुरुजी एकदा सगळ्यांसमोर म्हणाले की या पोराला धरायचं कसं ते शिकवावं लागलं नाही, आणि हात वर करायलाही नाही. त्या दिवशी घरी जाताना इंद्रभान जरा ताठ चालला. आई गोजरबाईनं विचारलंसुद्धा, पाठ भरून आली का म्हणून.

मग वरवट बकालच्या जत्रेतला सामना झाला. अख्खं पांगरखेड गाड्या जुंपून गेलं होतं. शेवटच्या डावात बरोबरी. समोरच्यांचा गडी आला, फिरला, निघून गेला. कोणाला काही दिसलं नाही. पंचाला दिसलं नाही, प्रत्यक्ष त्या गड्यालाही कळलं नाही. पण त्याच्या बोटाचं टोक इंद्रभानच्या टाचेला लागून गेलं होतं आणि इंद्रभाननं हात वर केला. पांगरखेड एका गुणानं हरलं.

परतताना त्याला कोणी गाडीत घेतलं नाही. तो चालत आला. दुसऱ्या दिवसापासून त्याचं नाव हातवऱ्या पडलं. तो रस्त्यानं निघाला की लहान पोट्टे ओळीनं हात वर करून उभे राहत. पाणवठ्यावर बाया पदराआड हसत. पुंजाजी बाजारात वांग्याची पाटी घेऊन बसला की गिऱ्हाईक भाव विचारण्याआधी एक हात वर करी आणि मग दात काढी. पुंजाजी तसाही तापट. घरी येऊन तो पोराला म्हणायचा, तुझ्यापायी माझी वांगी हसण्यावारी गेली. गुरुजींना तर लोक तोंडावर बोलले की मास्तर, गावाचं नाक कापायचा पगार सरकार देते का तुम्हाला. गुरुजी रोज संध्याकाळी चुन्याच्या रेघा मारत राहिले, पण मैदानावर येणारी पोरं निम्मी झाली.

वर्ष असं गेलं. सोळा-सतरा वर्षांच्या पोरानं किती सोसावं? होळीच्या आदल्या दिवशी दयारामनं त्याला पारामागं बोलावलं, जवळ बसवलं, बिडी पुढं केली.

"लोकं तुले हातवऱ्या म्हनतात, मले बी कसंसंच वाटते बे," दयाराम म्हणाला. "एक काम कर. झुंबर बुढीची तिफन आन. दिवसाढवळ्या. मंग तू आमच्यातला. उद्यापासून कोनं तुयाकडं पाहून हात वर केला, तं त्याचा हात मी मोडतो."

गुरुजी होळीला आपल्या गावी गेलेले. इंद्रभाननं बिडी घेतली, खोकला, आणि हो म्हणून बसला.

होळीच्या दुपारी झुंबरबाई मजुरीनं गहू सोंगायला गेली होती. ऊन असं की गल्लीत कुत्रं नव्हतं. तिच्या सपरीत थुनीच्या खांबाला तिफण बांधलेली होती, तिन्ही फणांना तेल लावलेलं, बी सोडायचं चाडं फडक्यात गुंडाळून आत आढ्याला टांगलेलं. इंद्रभाननं घाईघाईनं गाठ सोडली. तिफण खांद्यावर घेतली तेव्हा तिचा तेलकट वास त्याच्या नाकात गेला. तो मागच्या बोळानं निघाला आणि शाळेमागच्या मैदानाच्या कडेला रचलेल्या होळीच्या ढिगात, कापसाच्या पऱ्हाटीच्या खाली तिला सारून आला. पारामागं पोट्ट्यांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. दयारामनं त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि तसाच त्याला गल्लीतून फिरवून आणलं. समोरून लहान पोट्टे आले. त्यांनी दयारामकडं पाहिलं आणि हात खालीच ठेवले. खोटं कशाला सांगू, इंद्रभानला बरं वाटलं. वर्षात पहिल्यांदा त्याला गल्ली रुंद वाटली.

दिवस बुडाला. बाया पुरणपोळीचा नैवेद्य घेऊन आल्या, पोरांनी शेणाच्या चाकोल्यांच्या माळा ढिगाला घातल्या. माणिकराव पाटील फेटा बांधून आले. सरकारनं पाटीलक्या बंद केल्या त्याला फार दिवस झाले नव्हते, पण होळी पेटवायचा मान काढून घेणारा कागद अजून मुंबईत छापला गेला नव्हता. त्यांनी टेंभा हातात घेतला, आणि तेवढ्यात झुंबरबाई आली.

लोक सरसावून बसले. दयारामनं इंद्रभानला कोपरखळी मारली. बाईनं सुरुवात केली आणि काय सांगू, त्या दिवशी तिची जीभ खरोखर धारेवर होती. ज्यानं तिफण नेली त्याच्या आज्याला पटकी आली, आजी खाटेवर खिळली, बापाच्या मोटेचा नाडा तुटला. लोक पोट धरून हसत होते. पाटीलसुद्धा टेंभा खाली करून मिशीत हसले. आणि मग बाई मध्येच थांबली. आज्यापासून निघालेली ती बापापर्यंत आली होती, पण पोरावर आलीच नाही. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"बाज नेली, म्या खाली निजली," ती म्हणाली. "फयी नेली, बोलली नाई. पन तिफन? मिरगाले मी काय बोटानं पेरू? मांगून कोनाची आनू? साऱ्यायचं पेरून झालं का मंग मले देसान, तवरोक वापसा जाते. होयीतून काढा म्हनत नाई मी. पडलं थे होयीचं, मले बी कयते. फक्त कोनं नेली तेवढं सांगा. माया बुढा गेला तवापासून तिले दुसऱ्याचा हात लागला नोता."

 पोट्टे एकेक करून चंद्राकडं पाहायला लागले. चंद्र अजून नीट उगवला नव्हता, तरी पाहायला लागले.

आणि इंद्रभानचा हात वर गेला.

त्यानं ठरवून केला असं नाही. ठरवायला बसला असता तर तो हात कधीच वर गेला नसता, एवढं मी तुम्हाला सांगतो. दयाराम शेजारी होता, खांद्यावरची ती थाप अजून गरम होती, सगळं गाव समोर होतं. पण दोन वर्षं रोज संध्याकाळी तो हात विचारायच्या आधीच वर जायला शिकला होता, आणि तो गेला. आपलाच हात वर पाहून पोरगं स्वतःच दचकलं.

लोक आधी हसले. हातवऱ्यानं सवयीनं हात वर केला, असं कोणीतरी म्हणालं आणि हशाची दुसरी लाट आली. इंद्रभान हसू ओसरायची वाट पाहत तसाच उभा राहिला. हात खाली केला नाही.

"म्या नेली, काकू," तो म्हणाला. अडखळला नाही.

दयारामच्या तोंडावरचं हसू गेलं. माणिकराव पाटील पुढं झाले. पोरगं कोणाच्या तरी नादानं गंमतीत फसलं असं त्यांना वाटलं. त्यांनी दरडावून विचारलं की तू एकटा हे करायचा नाहीस, आणखी कोण कोण होतं, नावं सांग. घोळक्यातले पोट्टे मागं सरकले. दयारामनं दातओठ खाल्ले.

"माया हात वर हाय," इंद्रभान म्हणाला. "दुसऱ्याचा हात मी काऊन वर करू? ज्याचा त्यानं करावा."

कोणी केला नाही. पाटलांनी एकदा आपल्या पोराकडं पाहिलं आणि मग विषय सोडून दिला. झालं ते झालं, होळीचा मुहूर्त टळतोय, बाजूला हो, म्हणाले. पण इंद्रभान बाजूला झाला नाही. तो ढिगाकडं गेला, वाकला आणि पऱ्हाटीत दोन्ही हात घातले.

मग जे झालं ते विचारू नका. बाया किंचाळल्या. म्हातारे काठ्या आपटत उठले. होळीचं काढतो, होळीचं काढतो, असा एकच गिल्ला. वावरात गहू कापून पडलेला, कोणाचा उभा, आणि हा पोट्टा गावावर गारा बोलावतो, म्हणून लोक त्याच्यावर धावले. कोणी त्याचा सदरा धरला, कोणी पाय धरून मागं ओढला. आणि त्या सगळ्यांच्या पुढं बाप होता. पुंजाजीच्या हातात तुराटी होती. ती त्यानं पोराच्या पाठीवर मोडली, मग पायातलं पायताण काढलं.

"माया घरात चोर नोता," तो मारता मारता म्हणत होता. "चोर बी झाला अन् होयीचा बी गुन्हेगार झाला. सोड थे लाकूड."

इंद्रभाननं सोडलं नाही. पाठीवर बसत होतं, सदरा फाटत होता, गोजरबाई मध्ये पडून रडत होती, पण जे हातात धरलं ते धरलं. मागं सरकत सरकत, माणसं अंगावर घेऊन, त्यानं तिफण ढिगातून बाहेर ओढली आणि झुंबरबाईच्या पायाशी आणून टाकली. एक फण तडकला होता.

आता कोणालाही वाटेल की बाईनं पोराच्या पाठीवरून हात फिरवला असेल. छे. ती दोन पावलं मागं सरली.

"आग लागो तुया हाताले," ती म्हणाली. "पहिले चोरली, मंग होयीतून काढली. आता थे लाकूड मी वावरात नेऊ? जे उल्लंसं पिकते थे बी जयन माहं. तूच ठेव, खापरतोंड्या." आणि ती निघून गेली.

होळी पेटली. बोंबा झाल्या. तिफण रात्रभर मैदानाच्या कडेला पडून राहिली. तिच्याजवळून जाताना लोक वळसा घालून गेले, आणि इंद्रभानजवळून जातानाही.

धुळवडीच्या दिवशी सकाळपासून आभाळ भरून आलं. पश्चिमेकडून जांभळे ढग वर चढत होते, वारा पडला होता, अंगाला घाम चिकटत होता. जो तो आधी आभाळाकडं पाही आणि मग पुंजाजीच्या घराकडं. एक जण येऊन दारात सांगून गेला की गार पडली तर तुमच्या पोराची हाडं आम्ही वेचून होळीच्या राखेत टाकू.  पुंजाजी रात्रीपासून पोराशी एक शब्द बोलला नव्हता.

धुळवडीला पांगरखेडात एक जुनी रीत होती. लग्न झालेले एका बाजूला, बिनलग्नाचे दुसऱ्या बाजूला, असा कबड्डीचा डाव होई. म्हाताऱ्या बाया त्याला अजून हुतूतूच म्हणत. जिंकणाऱ्याला पाटलाकडून नारळ आणि गुळाची भेली. दयारामचं मागल्या उन्हाळ्यात लग्न झालं होतं, म्हणून तो लग्नवाल्यांत. बिनलग्नाचे पोट्टे सहाच भरले. इंद्रभानला घ्यायला कोणी तयार नव्हतं. पंच म्हणून दुकानदार शेषराव उभा होता. पाटलाच्या ओसरीला ज्याची उठबस, तो पंच कसा असणार ते तुम्हीच समजा. तो म्हणाला, सात नसतील तर डाव हरले म्हणून लिहा. तेव्हा पोट्ट्यांनी नाइलाजानं इंद्रभानला बोलावलं. कोपऱ्यात उभा राहा म्हणाले.

तो फाटक्या सदऱ्यात, सुजलेल्या पाठीनं कोपऱ्यात उभा राहिला. गडी आला की पोरं हात धरून साखळी करतात. सहाही जणांनी एकमेकांचे हात धरले. त्याचा हात कोणी धरला नाही. शेजारच्या पोट्ट्यानं तर आपला हात पाठीमागं घेतला. यातले तिघे काल दुपारी पारामागं त्याच्या पाठीवर थापा मारणारे होते, आणि त्यांचं नाव त्यानं घेतलं नव्हतं, हेही त्यांना ठाऊक होतं. त्याचाच राग जास्त होता म्हणा ना.

डाव चालला. इंद्रभान एकटाच धरत होता, एकटाच सुटत होता. एकदा पंचाला दिसलं नसताना त्यानं हात वर केला आणि बाहेर जाऊन बसला, तेव्हा नेहमीसारखी खूसपूस झाली, पण हसायला कोणाला जमलं नाही. पुन्हा आत आला. डाव शेवटाला आला तेव्हा दोन्हीकडं सारखे गुण होते आणि दयाराम चढाईला निघाला.

तो दुसऱ्या कोणाकडं गेलाच नाही. कबड्डी कबड्डी करत सरळ कोपऱ्यात आला आणि जवळ आल्याबरोबर त्यानं लाथ घातली. ती खेळातली लाथ नव्हती. ती इंद्रभानच्या छातीत बसली आणि पोरगं उताणं पडलं. पण पडताना त्यानं दयारामचा घोटा धरला.

दयाराम ओढू लागला. दुसऱ्या पायानं त्याच्या मनगटावर मारू लागला. धूळ उडाली. इंद्रभान पालथा होऊन पोटावर फरफटत रेघेकडं ओढला जात होता, ढोपरं सोलून निघत होती, पण घोटा सुटत नव्हता. बाकीचे सहा जण उभे राहून पाहत होते. पाटलाच्या पोराला कोण धरणार? रेघ हातभर राहिली आणि दयारामचा राग त्याच्या दमापेक्षा मोठा झाला.

"सोड बे हातवऱ्या," तो ओरडला.

कबड्डीतला कबड्डीशिवायचा एक शब्द म्हणजे दम तुटला. हे पांगरखेडातलं शेंबडं पोरही सांगेल. त्यानंतर दयारामनं अंग फेकलं आणि रेघेवर हात टेकवला. शेषरावनं पाटलांकडं पाहिलं, खाकरला आणि म्हणाला की सुटला, लग्नवाल्यांचा डाव.

सगळ्यांनी ऐकलं होतं. मैदानाच्या चारी कडांना माणसं होती, माळवदावर बाया होत्या, ओरडणं नाल्यापलीकडं गेलं असेल. पण कोणी बोलेना. दयाराम अंगावरची माती झटकत हसत उभा होता.

"हात वर कर," असं कोणीतरी म्हणालं.

झुंबरबाई होती. राखेच्या पलीकडं उभी होती. आश्चर्य असं की तिनं शिवी दिली नाही, आज्यापासून सुरुवात केली नाही. साध्या आवाजात, जसं दार लाव म्हणावं, तसं म्हणाली. शेषराव तिला म्हणाला की बाई, तुम्हाला खेळातलं काय कळतं.

"बोलला थो," बाई म्हणाली. "मले आयकू आलं. तुले नाई आलं? हात वर कर रे पाटलाच्या."

मग एक नवल झालं. कडेला बसलेल्या लहान पोट्ट्यांतल्या एकानं हात वर केला. वर्षभर इंद्रभानला चिडवायला करत होता, तसाच. पण या खेपेला तो दयारामकडं पाहत होता. त्याच्या शेजारच्यानं केला. मग ओळच्या ओळ. माळवदावरच्या पोरींनी केले. नुसते हात वर होते. दयारामनं बापाकडं पाहिलं. माणिकराव पाटील फेट्याचं टोक नीट करत होते. चार वर्षांच्या पोरानं जे केलं असतं ते करायला दयारामला जमलं नाही. तो वळला आणि घराकडं चालू लागला. त्याच्यामागं पारावरचे पोट्टे जातील असं वाटलं होतं. ते जागचे हलले नाहीत. इंद्रभानच्या शेजारचा तो, ज्यानं हात पाठीमागं घेतला होता, त्यानं हात पुढं करून त्याला उठवलं. मान मात्र त्यानं दुसरीकडं वळवली होती.

नारळ कोणालाच मिळाला नाही. शेषराव तो हातात धरून बराच वेळ उभा राहिला आणि मग दुकानात परत घेऊन गेला.

लोक पांगू लागले तेव्हा झुंबरबाई चालत तिफणीजवळ गेली. वाकून तडकलेल्या फणावर तिनं बोट फिरवलं. माणिकराव तिथंच होते. आज आधीच त्यांचं डोकं फिरलेलं. ते म्हणाले, "झुंबरबाई, होयीचं लाकूड हाय थे. हात लावू नोको."

बाई उभी राहिली. कंबरेवर हात ठेवला.

"पाटील, तुमच्याच खेयाचा कायदा हाय," ती म्हणाली. "काल ह्या पोट्ट्यानं होयीत हात घातला. होयीनं धरला त्याले? तुमी साऱ्यायनं धरला. सदरा फाडला, बापानं पाठ फोडली. सुटून आला का नाई? माया पायाशी रेघ होती, तथपर्यंत आला. धरनाऱ्यायले जमलं नाई. गुन त्याचा अन् तिफन माही. आन गारा म्हनता, तं कुठी हायेत गारा?"

लोकांनी वर पाहिलं. ढग वडनेरकडं सरकले होते आणि पश्चिमेला उन्हाची तिरीप आली होती. सकाळी हाडं वेचायला आलेला माणूस आपला झाकलेला गहू उघडायला निघून गेला. 

मग बाई इंद्रभानकडं वळली. आता गोड बोलेल असं वाटलं असेल तर तुम्ही तिला ओळखलं नाही.

"उभा काय राह्यला, चोरट्या?" ती म्हणाली. "जथून नेली तथी ठेवून दे. सुताराकडून फन बसवून आन, तुया बापाच्या पैशानं. आन मिरगाले पेरनीले येजो. फुकट."

इंद्रभान वाकला. पाठ अशी ठणकत होती की तिफण गुडघ्यापर्यंत आली आणि तिथंच थांबली. त्यानं पुन्हा जोर केला. तेव्हा गर्दीतून पुंजाजी आला. त्यानं पोराच्या तोंडाकडं पाहिलं नाही, तिफणीचं दुसरं टोक धरलं.

"एकट्यानं उचलून मनकं मोडशीन," तो करवादला. "उद्या पानी कोन वयवन?"

बापलेक तिफण घेऊन निघाले. झुंबरबाई मागून चालत होती आणि तिची जीभ पुन्हा सुरू झाली होती. गल्लीत लोक ओट्यावर येऊन बसले. पण हसायच्या आधी ते जरा थांबले आणि मग तसेच थांबून राहिले. पुंजाजीच्या आज्यापासून तिनं सुरुवात केली, आजीला लोळवलं, बापाची माती केली, पुंजाजीच्या मोटेचा नाडा पुन्हा एकदा तोडला. पुंजाजी ऐकत चालला होता. सपरी आली तेव्हा शिव्यांची पाळी इंद्रभानवर आली होती.

इंद्रभाननं तिफण थुनीला टेकवली आणि शिवीची वाट पाहत उभा राहिला.

"गाठ नीट बांध," झुंबरबाई म्हणाली, आणि चाडं काढायला आत गेली.